प्रौढ चेहऱ्याचे प्रसाधन

सरकारी कचेरीत दिवसभर फायली हाताळणाऱ्या पंचेचाळिशीच्या गृहस्थाने स्त्रियांच्या प्रसाधनाविषयी बोलावे, याचे कोणालाही नवल वाटेल. मलाही ते वाटते. परंतु या विषयाशी माझा संबंध दोन वाटांनी आला आहे. पहिली वाट हौशी रंगभूमीची. महाविद्यालयात असल्यापासून मी नाटकांत वावरलो. नट म्हणून माझी कुवत बेताचीच असल्यामुळे माझी रवानगी बहुधा रंगपटात होत असे. आणि तेथे एका वृद्ध रंगभूषाकारांच्या हाताखाली मी चेहरे रंगवावयास शिकलो. दुसरी वाट घरची आहे, आणि आजच्या बोलण्याला निमित्त झाले ते तिचेच.

चार वर्षांपूर्वी इंदूरला माझ्या भाचीचे लग्न झाले. माझी थोरली बहीण, म्हणजे नवऱ्या मुलीची आई, तेव्हा छप्पन वर्षांची होती. लग्नाच्या दिवशी पहाटे नवरीच्या प्रसाधनासाठी आलेल्या बाईंनी मोठ्या हौसेने ताईलाही समोर बसविले. ताईचा वर्ण गव्हाळ. तिच्या चेहऱ्यावर त्याहून दोन छटा उजळ अशा फाउंडेशनचा जाड थर चढला आणि त्यावर भरपूर पावडर बसली. मुहूर्ताला सारे ठीक दिसले. पण होमाचा धूर, दुपारचे ऊन आणि पाठवणीच्या वेळचे अश्रू यांनंतर तो थर डोळ्यांच्या कडांना आणि ओठांच्या दोन्ही बाजूंना तडकला. पुढे छायाचित्रे आली तेव्हा चेहरा पांढराफटक, मान गव्हाळ आणि दोहोंच्या मध्ये मुखवट्याची असावी तशी स्पष्ट कड. ताईने अल्बम दोनदा चाळला, मिटला आणि म्हणाली, "मुलीची पाठवणी करणारी ही बाई कोण रे? मी यात कुठंच नाही." तो अल्बम कपाटात गेला तो आजतागायत पाहुण्यांसमोर आलेला नाही.

ती छायाचित्रे पाहताना मला आमच्या रंगपटाची आठवण झाली. पंचवीस वर्षांच्या नटाला साठीचा करावयाचा असेल, तर रंगभूषाकार प्रथम त्याच्या कातडीचा जिवंतपणा काढून घेतो. चेहऱ्यावर सर्वत्र एकसारखा, कोरडा, फिकट रंगाचा थर द्यावयाचा. ओठांचा रंग मारून टाकावयाचा. मग नटाला आठ्या घालावयास सांगून जेथे घडी पडेल तेथे गडद रेघ व तिच्या शेजारी फिकट रेघ ओढावयाची. आणि अखेरीस सढळ हाताने पावडर लावावयाची. वार्धक्य दाखविण्याची ही आमची कृती. त्या बाईंनी अजाणता नेमके तेच केले होते. रेघा तेवढ्या त्यांना ओढाव्या लागल्या नाहीत. सुरकुत्यांत साचलेल्या पावडरीने त्या आपण होऊन ओढल्या. वयस्क चेहऱ्याचे प्रसाधन बिघडते ते बहुतेक वेळा याच रीतीने. म्हणून प्रौढ त्वचेसाठी प्रसाधन निवडताना, रंगपटातील ही कृती उलटी करावयाची, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पुष्कळसा गोंधळ टळतो. कोरडेपणाऐवजी ओलावा, जाड थराऐवजी पातळ, आणि फिकट छटेऐवजी आपली स्वतःची छटा.

हे असे का, ते समजण्यासाठी वयोमानाने त्वचेत काय घडते ते थोडे पाहावे लागेल. तरुणपणी त्वचेचा वरचा थर साधारणपणे चार आठवड्यांत नवा होत असतो. वय वाढते तशी ही गती मंदावते. मृत पेशी पृष्ठभागावर अधिक काळ रेंगाळतात आणि कांती निस्तेज दिसू लागते. त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजन नावाचे प्रथिन वर्षागणिक कमी होते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यातले सुमारे ३० टक्के नाहीसे होते असे मानले जाते. त्वचेतील तैलग्रंथींचा स्रावही याच सुमारास ओसरतो. जी त्वचा पूर्वी दुपारपर्यंत तेलकट होत असे, तीच आता तेल आणि पाणी यांसाठी आसुसलेली असते. अशा त्वचेवर कोरडे, पावडरयुक्त प्रसाधन पडले, की ती त्यातील ओलावा शोषून घेते आणि मागे उरलेले रंगाचे कण सुरकुत्यांत व रंध्रांत जमा होतात.

आपल्याकडील त्वचेचा आणखी एक विशेष आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांत वयाची पहिली खूण म्हणून सुरकुत्या दिसतात. सावळ्या व गव्हाळ वर्णात रंगद्रव्य अधिक असल्याने उन्हापासून काहीसे संरक्षण मिळते व सुरकुत्या उशिरा येतात. आपल्याकडे आधी दिसते ती रंगाची विषमता. गालांवर वांग, कपाळाच्या कडेला आणि ओठांभोवती काळसर छाया, डोळ्यांखाली गडद वर्तुळे. म्हणजे आपल्या प्रौढ स्त्रीला फाउंडेशनकडून हवे असते ते मुख्यतः रंग एकसारखा करणे. सुरकुत्या बुजविणे हे काम कोणत्याही फाउंडेशनला साधत नाही. तो प्रयत्न केला तर सुरकुती अधिक उठून दिसते.

आता हे फाउंडेशन म्हणजे असते तरी काय? त्याच्या बाटलीवरचे नाव कितीही मोहक असो, आत रंग देणारे पदार्थ मोजकेच असतात. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळ्या, तांबड्या व काळ्या रंगांसाठी लोहाची ऑक्साइडे. अंगणातल्या गेरूला तांबडेपणा आणि पिवडीला पिवळेपणा येतो तो याच लोहामुळे. हे रंग पाणी, तेल आणि सिलिकोन यांच्या मिश्रणात कालवलेले असतात. पांढरा अंश अधिक तसे आच्छादन दाट. पाण्याचा व तेलाचा अंश अधिक तसे ते ओलसर. चेहऱ्याला दाट थर देण्याची चाल रुजविण्यात पडद्याच्या प्रसाधनाचा वाटा मोठा आहे. हॉलिवूडमधील रंगीत चित्रपटांसाठी मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीने तयार केलेला पॅन-केक १९३७ साली पडद्यावर आला आणि १९३८ साली बाजारात विक्रीस निघाला. तो प्रखर दिव्यांसाठी आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्यासाठी घडविलेला होता. समोर दोन हातांवर बसून चहा घेणाऱ्या विहीणबाईंसाठी नव्हता. आपल्या घरांत त्याआधीपासून चालत आलेली जोडी स्नो-पावडरची. स्नो म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल व पाणी. तो चोळताच दिसेनासा होतो आणि वर पावडर धरून ठेवतो. विशीतल्या तुकतुकीत कांतीला ते शोभून जाई. पण साठीतली स्त्री त्याच सवयीने पफ फिरवू लागली, की चेहरा पिठाळलेला दिसतो. सवय जुनी राहिली आणि त्वचा मात्र बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

निवडीत सर्वांत अवघड बाब छटेची. याबाबत आपल्या स्त्रियांना नव्याने शिकविण्यासारखे काही नाही. जे त्या साडीच्या बाबतीत करतात तेच चेहऱ्याच्या बाबतीत करावयाचे आहे. ब्लाउजचे कापड घेण्यासाठी मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली गृहिणी दुकानातील दिव्यांवर कधीच विश्वासत नाही. साडीचा पदर आणि कापडाचा तुकडा घेऊन ती पायरीवर येते व दोन्ही उन्हाच्या उजेडात धरून पाहते. हे शास्त्राला धरूनच आहे. दोन रंग एका दिव्याखाली एकसारखे भासतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, हा प्रकाशाचा गुणधर्मच आहे. परंतु हीच चोखंदळ गृहिणी फाउंडेशन मात्र दुकानातील पिवळ्या दिव्याखाली, आणि तेही हाताच्या पाठीवर लावून पसंत करते. हाताचा रंग आणि चेहऱ्याचा रंग यांत फरक असतो. परीक्षा घ्यावयाची ती जबड्याच्या कडेवर, जेथे चेहरा संपून मान सुरू होते तेथे. तीन जवळपासच्या छटांच्या तीन बारीक रेघा तेथे ओढाव्यात आणि दुकानाबाहेर येऊन आरशात पाहावे. जी रेघ शोधूनही सापडत नाही ती आपली छटा. तीसुद्धा लगेच विकत घेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे थांबावे. कारण त्वचेवरील तेलाशी मिसळल्यावर पुष्कळ फाउंडेशने किंचित गडद होतात.

छटेबरोबर वर्णाची झाकही पाहावी लागते. दोन गव्हाळ चेहरे सारखेच उजळ असले तरी एकात पिवळसर झाक असते, दुसऱ्यात तांबूस, तिसऱ्यात किंचित हिरवट. भारतीय चेहऱ्यांत पिवळसर किंवा सोनेरी झाक पुष्कळ आढळते. अशा चेहऱ्यावर गुलाबी झाकेचे फाउंडेशन लावले, की ते राखेसारखे करडे दिसते. कपाळ गालांहून काळसर असेल तर छटा कपाळाशी जुळवू नये, तशी ती सर्वांत उजळ गालाशीही जुळवू नये. मान आणि गळा यांच्याशी जुळणारी छटा चेहऱ्याच्या मधल्या भागावर लावून कडांकडे विरवत न्यावी.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. छटा चुकते ती बहुधा अज्ञानाने चुकत नाही. आपण होऊन उजळ छटा मागितली जाते. गोरेपणाचा आपला हव्यास जुना आहे. विवाहाच्या जाहिरातींतून तो मुलींच्या वाट्याला येतो, आणि साठाव्या वर्षीही प्रसाधन करणारी बाई "थोडं उजळ करू या ना" असे म्हणते तेव्हा नाही म्हणवत नाही. एका सुप्रसिद्ध क्रीमच्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० साली कंपनीने काढून टाकला. मनातून तो निघाला असे म्हणता येत नाही. उजळ छटेचे फाउंडेशन निदान रात्री धुऊन टाकता येते. परंतु त्याच्या जोडीला गोरे करण्याची हमी देणारी, उत्पादकाचा पत्ताही नसलेली मलमे वापरली जातात तेव्हा धोका गंभीर होतो. अशा काही मलमांत पारा असतो, आणि तो त्वचेवाटे शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. केरळमधील डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत अशा मलमांमुळे मूत्रपिंडाचा विकार झालेल्या रुग्णांची नोंद केली आहे. आपल्याकडील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या प्रसाधनात पारा घालण्यास मनाई आहे. नकळत आलेला अंशही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. म्हणून बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत छापलेली नसेल, तर ती वस्तू कोणी कितीही आग्रहाने दिली तरी परत करावी.

छटा ठरली की प्रकार ठरवावयाचा. प्रौढ त्वचेला सामान्यतः द्रव किंवा मऊ क्रीमच्या स्वरूपातील, ओलावा राखणारे, हलके ते मध्यम आच्छादन देणारे फाउंडेशन मानवते. अगदी निस्तेज, ज्याला मॅट म्हणतात तसे, आणि ठळक चमचम करणारे, असे दोन्ही टोकांचे प्रकार टाळावेत. मॅट थर कोरडेपणा दाखवितो. आणि अभ्रकाचे मोठे कण सुरकुतीच्या प्रत्येक कडेवर लकाकतात. सौम्य तुकतुकी तेवढी असावी. तथापि आपला देश मोठा आहे आणि एकच नियम सर्वत्र चालत नाही. दिल्लीच्या जानेवारीत जे क्रीम चेहऱ्याला सुखावते, ते मुंबईच्या जूनमध्ये तासाभरात ओघळते. दमट किनाऱ्यावर राहणाऱ्या स्त्रीने पातळ, लवकर बसणारे द्रव फाउंडेशन घ्यावे. नागपूरच्या वैशाखात तर घाम आणि कोरडेपणा दोन्ही एकदम असल्याने शक्य तितके कमी लावावे, हेच उत्तम.

आता लावण्याची रीत. आमचे वृद्ध गुरू म्हणत, की अर्धे काम रंगाच्या आधी होते. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुऊन तो किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावावे. दिवसा बाहेर जावयाचे असेल तर त्यावर सनस्क्रीन लावावे आणि दहा मिनिटे थांबावे. घाई केली तर खालचे थर वरच्या थरासह गोळा होऊन निघतात. त्यानंतर वाटाण्याएवढे फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्यावे. नाकाच्या दोन्ही बाजू, गालांचा मधला भाग, हनुवटी, जेथे रंग विषम आहे तेथून सुरुवात करावी आणि ओलसर, पिळून घेतलेल्या स्पंजाने थापटत थापटत कडेकडे न्यावे. घासू नये, घासल्याने सैल त्वचा ओढली जाते आणि रंगाचे ओरखडे उठतात. डोळ्यांच्या कडेला जेथे हसताना बारीक रेघा पडतात, तेथे स्पंजावर जे उरले असेल तेवढेच पुरे. एक थर झाल्यावर हातभर अंतरावरून आरशात पाहावे. वांग अजून दिसत असेल तर केवळ त्या डागावर बोटाच्या टोकाने दुसरा पातळ थर द्यावा. सर्व चेहऱ्याला दुसरा थर देण्याची गरज फार क्वचित पडते.

डोळ्यांखालच्या वर्तुळांवर पुष्कळजणी एकदम उजळ कन्सीलर लावतात आणि तेथे करडी छाया उमटते. आपल्याकडील वर्तुळे तपकिरी-निळसर असतात. त्यावर आधी नारिंगी किंवा पीच झाकेचा अगदी पातळ थर दिला, की तो निळसरपणा मरतो आणि मग कन्सीलर कमी लागते. पावडर हवीच असेल तर ती कपाळाच्या मध्यावर, नाकावर आणि हनुवटीवर, बारीक ब्रशाने. डोळ्यांखाली व गालांवर ती शक्यतो नको. छायाचित्रे निघणार असतील तर आणखी एक सावधगिरी. सिलिकायुक्त अतिशुभ्र पावडर आणि टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड अधिक असलेली प्रसाधने फ्लॅशचा उजेड परत फेकतात, आणि समोर न जाणवलेला पांढरेपणा छायाचित्रात उतरतो. घरीच अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून एक छायाचित्र आधी काढून पाहावे, म्हणजे लग्नानंतर हळहळण्याची पाळी येत नाही. गालांना क्रीमची लाली हसल्यावर उंचावणाऱ्या भागापासून जरा वर लावावी, विरळ झालेल्या भुवया हलक्या हाताने भराव्यात आणि ओठांना थोडा उबदार रंग द्यावा. रंगपटात आम्ही भुवया आणि ओठ पुसून म्हातारपण आणतो. येथे ते परत द्यावयाचे असतात.

उन्हाविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. फाउंडेशनच्या बाटलीवर एसपीएफचा आकडा असतो म्हणून वेगळे सनस्क्रीन लागत नाही, असे समजू नये. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात लावून ठरविलेला असतो. फाउंडेशन इतके कोणी लावत नाही. लावले तर चेहऱ्याचा मुखवटाच होईल. मात्र फाउंडेशनमधील लोह-ऑक्साइडांचा एक लाभ आहे. ती दृश्य प्रकाशालाही काही अंशी अडवितात, आणि वांग वाढविण्यात या प्रकाशाचाही हात असतो. म्हणून सनस्क्रीनवर पातळ फाउंडेशन ही जोडी वांग असलेल्या स्त्रीला उपयोगी पडते. रात्री मात्र सारे धुऊन, चेहऱ्याला पुन्हा ओलावा देऊनच झोपावे. स्पंज दर वापरानंतर साबणाने धुवावा, आणि उघडलेली बाटली तिच्यावरील उघड्या डबीच्या चित्रात जितके महिने लिहिले असतील तितकेच वापरावी.

आणि इतके सारे सांगून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे, की ज्या स्त्रीला यांतले काहीच लावावेसे वाटत नाही तिने ते लावू नये. प्रसाधन हे वयाबद्दल मागितलेल्या क्षमेसारखे होता कामा नये. स्वतःच्या आवडीने नेसलेल्या लुगड्यासारखे ते असावे.

गेल्या मार्गशीर्षात ताईच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. या खेपेस तिने महिनाभर आधी मला दिल्लीहून बोलावून घेतले. "तुझी ती नाटकाची विद्या आता तरी कामाला लाव," म्हणाली. आम्ही दोघे दुकानात गेलो, तीन छटा तिच्या जबड्यावर लावल्या आणि भर रस्त्यावर उन्हात येऊन उभे राहिलो. येणारेजाणारे पाहत होते. विक्रेती मुलगी अदबीने एका उजळ बाटलीची शिफारस करीत होती. ताईने निवडली ती छटा बाटलीत पाहताना तिला स्वतःलाच फार काळसर वाटली होती. चेहऱ्यावर मात्र ती कोठे संपली ते कळेना. लग्नाच्या दिवशी पहाटे तिने ती आपल्या हाताने लावली. मी केवळ पावडरीचा डबा लांब ठेवला.

त्या लग्नाची छायाचित्रे पाहिली. ताई साठ वर्षांचीच दिसते. डोळ्यांच्या कडेच्या रेघा आहेत, हसताना गालावर पडणारी घडी आहे. चेहरा आणि मान यांचा रंग एक आहे. त्यांतले एक छायाचित्र तिने दिवाणखान्यात लावले आहे. ते लावले त्या रात्री तिचा फोन आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अरे, त्या फोटोत मी आईसारखी दिसते, पाहिलंस का?"